घरचं नाव घरातच राहू द्या

माझी तक्रार लहान आहे, पण ती वर्षानुवर्षं साचत आली आहे. लोक बाळाचं लाडाचं नाव जन्मदाखल्यावर लिहितात. पाळण्यातल्या पोरीला चिऊ म्हणावं, मनी म्हणावं, छकुली म्हणावं, जरूर म्हणावं. पण तेच नाव नगरपालिकेच्या नोंदीत, शाळेच्या जनरल रजिस्टरात, आधार कार्डावर आणि पुढे पासपोर्टवर चढवायचं आणि त्या मुलीला दुसरं नावच द्यायचं नाही, हे मला पटत नाही. त्यात मुलीचं नुकसान आहे. घराचंही आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मी लिहायला बसले आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर जूनमध्ये पहिलीचं हजेरीपत्रक हातात येतं. अलीकडे त्यात पिहू असते, मिष्टी असते, गोलू असतो, सोनू तर कधी कधी एका वर्गात दोन-दोन असतात. हजेरीपत्रकावर जे लिहिलंय तेच मला पुकारावं लागतं, आणि मी पुकारते. पण पहिलीत आलेलं मूल पहिल्या काही दिवसांत एक गोष्ट करतं, ती या मुलांना करता येत नाही. बाकीची मुलं मधल्या सुट्टीत टेबलाशी येतात, जरा घुटमळतात आणि हळूच सांगतात, "बाई, मला घरी बंटी म्हणतात." ते सांगणं मोठं असतं. त्या मुलाने मला तपासून पाहिलेलं असतं, मी बरी वाटले म्हणून त्याने घरातली एक गोष्ट माझ्या हातात दिलेली असते. उद्या मी रागावले तर ते पुन्हा सांगणार नाही. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे त्याचं त्याने ठरवलेलं असतं. गोलू नावाच्या मुलाकडे सांगायला काही उरलेलंच नसतं. ते फळ्याजवळच्या बाईंना माहीत असतं, शिपाईमामांना माहीत असतं आणि शेवटच्या बाकावरच्या दांडगट पोरालाही माहीत असतं.

सात-आठ वर्षांची मुलं चिडवण्यात फार पटाईत असतात. आजीने मांडीवर घेऊन ठेवलेलं नाव मैदानात उलटसुलट करून, त्याला यमकं जोडून ओरडलं जातं. ज्याला शाळेचं वेगळं नाव आहे, त्या मुलाचं शाळेतलं नाव खराब होतं आणि घरचं नाव घरी शाबूत राहतं. ज्याला एकच नाव आहे, त्याची आजी संध्याकाळी त्याला हाक मारते तेव्हा त्याला दुपारचं मैदान आठवतं. हे मी पाहिलं आहे. एका मुलाने आईला सांगितलं होतं की मला घरात त्या नावाने हाक मारू नकोस. त्याच्या आईला वाटलं, मुलगा मोठा झाला. मला तसं वाटलं नाही.

हा त्रास शाळेपुरताही राहत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या चाळिशीच्या बाईला "बेबी कोण आहे?" अशी हाक येते आणि सगळं दालन मान वळवून बघतं. बँकेत सहीचा नमुना जुळवताना समोरचा माणूस विचारतो, "हे झालं, पण खरं नाव काय?" हेच खरं नाव आहे असं सांगितलं की तो एकदा कागदाकडे आणि एकदा चेहऱ्याकडे बघतो. पॅन कार्डाच्या आणि पासपोर्टच्या अर्जात एक रकाना असतो: तुम्ही याआधी इतर कोणत्या नावाने ओळखले जात होता का? लाडाचं नाव लिहायची कागदावर कुठे जागा असेलच, तर ती ही आहे. ज्यांचं लाडाचं नाव वरच्या रकान्यात जाऊन बसलं, त्यांचा हा रकाना कोरा राहतो.

आता हे घडतं कसं, ते सांगते. पूर्वी कसं घडायचं ते मला शाळेच्या जुन्या रजिस्टरांवरून माहीत आहे. मूल शाळेत घालायला बहुतेक वेळा आई-बाप येतच नसत. ते रानात असत. थोरला भाऊ, चुलता, एखादा मामा पोराचं बोट धरून यायचा. गुरुजींनी नाव विचारलं की घरात जी हाक मारतात ती तो सांगायचा. जन्मतारीख विचारली की गप्प राहायचा. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि पुढे 1 जून लिहायचे. महाराष्ट्राच्या खेड्यांत 1 जून ही जन्मतारीख असलेली माणसं इतकी का भेटतात, याचं कारण हेच आहे. त्या तारखेसोबतच बाळू, बबन, छबू, ठकी, बेबी ही नावं रजिस्टरात गेली. त्या माणसांना मी दोष देत नाही. कागदाला पुढे किती वजन येणार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते वजन आता त्यांची मुलं उचलत आहेत. जातपडताळणीसाठी, वारसनोंदीसाठी माणसं जुना दाखला मागायला शाळेत येतात. आजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात बाळू, सातबाऱ्यावर बाळकृष्ण आणि आधार कार्डावर बाळासाहेब. मग तहसील कचेरीत जा, स्टँप पेपर घ्या आणि या तिन्ही नावांचा माणूस एकच होता असं प्रतिज्ञापत्र करा. ज्याच्याबद्दल शपथ घ्यायची तो बिचारा कधीच गेलेला असतो. साक्षीदार म्हणून गावातले दोन म्हातारे नेतात. ते म्हातारे सांगतात, आम्ही त्याला बाळ्याच म्हणायचो. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि तरी कागद अडतो.

आमच्या भागात आणखी एक प्रकार आहे, तो याच्याच शेजारचा. मुलाचं नावच दादासाहेब, भाऊसाहेब, आबासाहेब, रावसाहेब असं ठेवतात; मुलीचं नाव ताई किंवा आक्काताई. त्यामागे माया असते, थोरामोठ्यांची आठवण असते, हे मला समजतं. पण जो मान माणसाने मिळवायचा असतो तो त्याला पाळण्यातच दिला तर पुढे त्याला द्यायला काय उरतं? खऱ्या मानाची रीत वेगळी असते. बाळासाहेब थोरात यांचं कागदोपत्री नाव विजय भाऊसाहेब थोरात आहे. लोक त्यांना बाळासाहेब म्हणतात ते म्हणू शकतात, कारण त्यांच्याकडे विजय हे नाव आहे.

जुन्या लोकांना मी दोष देत नाही म्हणाले, पण माझ्या धाकट्या भावाला देते. तो पुण्यात राहतो, शिकलेला आहे, त्याची बायको त्याच्याहून शिकलेली आहे. त्यांना मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं करायचं तर हॉल मिळेना, वहिनीचा भाऊ परदेशातून येणार होता, म्हणून बारसं पुढे ढकललं. ढकलायला माझी काहीच हरकत नव्हती. त्यानंतर बारसं झालं. पाळणा सजवला, घुगऱ्या वाटल्या, आत्या म्हणून मी बाळाच्या कानात घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं नाव सांगितलं, पाठीवर धपाटे खाल्ले. आणि जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, दाखल्यावर मात्र चिऊच आहे हं."

दवाखान्यातून घरी सोडताना तिथल्या बाईंनी फॉर्म भरायला घेतला होता आणि विचारलं होतं, नाव काय लिहू? हा म्हणाला, आम्ही चिऊ म्हणतो. त्यांनी ते लिहून पुढे पाठवलं.

"अरे, मग बदलून घे," मी म्हणाले.

"राहू दे ना. किती गोड आहे. कुणाला उच्चारायला जड नाही. आणि तिला वाटलं तर ती मोठेपणी बदलेल."

मी त्या दिवशी जास्त बोलले नाही, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. जे बोलले नाही ते इथे लिहिते.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते हे खरं आहे. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात कलम 14 आहे, आणि ते नेमकं अशा घरांसाठीच आहे. त्यात जन्माची नोंद नावाशिवाय करता येते. नाव नंतर कळवायचं. नियमांप्रमाणे 12 महिन्यांच्या आत कळवलं तर विलंब शुल्कही पडत नाही आणि शुल्क भरून ते 15 वर्षांपर्यंत नोंदवता येतं. सरकारने बारशाला वेळ दिलेली आहे. आपणच ती घेत नाही. दवाखान्यातल्या बाईंना घाई असते, कारण त्यांच्यापुढे दिवसाचे फॉर्म पडलेले असतात. बापाला घाई असते, कारण खाली गाडी उभी असते. या दोन घायांमध्ये मुलीचं आयुष्यभराचं नाव ठरतं.

"मोठेपणी बदलेल" हे वाक्य मी फार पालकांकडून ऐकलं आहे आणि ते बेफिकीर वाक्य आहे. जन्मनोंदीत दुरुस्तीची तरतूद आहे ती चुकीच्या नोंदीसाठी. आपण विचार न करता लिहिलं, ही त्या अर्थाने चूक धरली जात नाही. सज्ञान झाल्यावर नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं, मग तो राजपत्राचा कागद घेऊन एकेका कार्यालयाचं दार वाजवावं लागतं. आधार कार्डावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. शाळेच्या रजिस्टरातलं नाव मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही, वरून मंजुरी आणावी लागते. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून कायद्यात जो बदल लागू झाला, त्यामुळे त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी आणि सरकारी नोकरीपर्यंत मुख्य आधार झाला आहे. म्हणजे पूर्वी जे नाव चार कागदांवर चार तऱ्हेने लिहिलं जायचं, ते आता एकाच कागदावरून सगळीकडे उतरणार. भावाची मुलगी या तारखेनंतर जन्मली आहे.

लाडाच्या नावाचं आणखी एक दुखणं आहे. त्याला ठरलेलं इंग्रजी स्पेलिंग नसतं, कारण ते लिहायचं म्हणून कुणी ठेवलेलंच नसतं. चिऊच्या शेवटी कुणी 'यू' लिहितो, कुणी दोन 'ओ' लिहितो, कुणी मधल्या 'आय'च्या जागी दोन 'ई' घालतो. दाखल्यावर एक, लसीकरणाच्या कार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. हल्ली मुलांचे अपार आयडी काढताना शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं. जुळलं नाही की संगणक पुढे सरकत नाही. आम्ही शिक्षक पालकांना फोन करतो, पालक मजुरी बुडवून आधार केंद्राच्या रांगेत उभे राहतात. पूर्ण नावांतही चुका होतात, नाही असं नाही. पण पूर्ण नावाचं बरोबर रूप कोणतं हे निदान सगळ्यांना ठाऊक असतं. छकुलीचं बरोबर स्पेलिंग कुणाला विचारायचं?

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाची सरकारी कागदांवरची रीतही बदलली: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईचं नाव आलं याचा मला फार आनंद आहे. त्यासाठी बायकांनी खूप वर्षं वाट पाहिली. आईचं पूर्ण नाव, वडिलांचं पूर्ण नाव आणि त्यांच्या पुढे उभी पिहू किंवा गोलू. आईबापांनी स्वतःसाठी पूर्ण नाव ठेवलं आणि मुलाला अर्धंच दिलं, असं तो कागद सांगतो.

लोक मला मोठ्या माणसांची उदाहरणं देतात. टिळकांचं मूळ नाव केशव, पण ते बाळ गंगाधर म्हणूनच देशाला माहीत झाले. मर्ढेकरही बाळ सीताराम. हे खरंच आहे. पण माणूस तेवढा मोठा झाला की त्याचं कोणतंही नाव मोठं होतं, आणि चार दिवसांच्या मुलाकडून आपण टिळक होण्याची हमी घेऊ शकत नाही. साताऱ्याचं एक उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. आज जे प्रतापसिंह हायस्कूल आहे, त्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टरात नोंद आहे, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवा ही घरातली हाक. ती रजिस्टरात गेली तरी त्या मुलाला पुढे जायला भीमराव हे नाव होतं, आणि तो त्या नावाने जगापुढे उभा राहिला. घरातल्या हाकेच्या मागे पूर्ण नाव उभं असेल तर हाक कुठेही लिहिली गेली तरी निभावतं. माझी भांडण करण्याची जागा तीच आहे: आता मागे काही उभंच करत नाहीत.

आणि नावाची किंमत ज्यांना नाकारली गेली त्यांना विचारावी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णाप्रमाणे नावं कशी ठेवावीत हे सांगितलं आहे: ब्राह्मणाचं मंगल सुचवणारं, क्षत्रियाचं बळ, वैश्याचं धन, आणि शूद्राचं तिरस्कार दाखवणारं. धोंड्या, केऱ्या, दगड्या ही नावं दृष्ट लागू नये, मूल जगावं म्हणूनही ठेवली जात. पण ज्यांना दुसरं नाव घेण्याची मुभाच नव्हती त्यांच्यासाठी तो प्रश्न दृष्टीचा नव्हता. 25 डिसेंबर 1927 ला महाडमध्ये तो ग्रंथ जाळला गेला. 1956 च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर वस्त्यांमधून जी नावं ठेवली गेली ती आठवा: सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा. ज्या आईबापांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं त्यांनी मुलांना ही नावं दिली आणि शाळेत जाऊन ती नीट लिहून घेतली. त्यांना ठाऊक होतं की उद्या कचेरीत मुलाच्या आधी त्याचं नाव पोहोचणार आहे.

साताऱ्याच्याच जिल्ह्यात 2011 साली ऑक्टोबर महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून घरात जिला नकुशी म्हटलं गेलं आणि पुढे शाळेच्या कागदावरही नकुशीच लिहिलं गेलं, अशा 250 हून अधिक मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं मिळाली. अनेकींनी ती स्वतः निवडली होती. नकुशी हे काही लाडाचं नाव नाही, ते मी चिऊच्या शेजारी ठेवत नाही. पण वाट तीच आहे. घरातल्या माणसांनी बाळाकडे बघून जो शब्द काढला तो दुसरा विचार न करता दाखल्यावर गेला. एका घरातून राग गेला आणि दुसऱ्या घरातून लाड गेला. दोन्हीकडे मुलीला आपलं असं नाव कुणी दिलं नाही.

बंगालमध्ये हा सगळा विषय फार पूर्वीच मार्गी लागला आहे. तिथे मुलाला दोन नावं असतात, एक डाकनाम आणि एक भालोनाम. पहिलं घरासाठी, दुसरं जगासाठी. सत्यजित राय घरी मानिक होते. जवळची माणसं त्यांना मानिकदा म्हणत, पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ते नाव नाही. झुंपा लाहिरी यांचं नाव निलंजना सुदेष्णा. अमेरिकेतल्या शाळेत शिक्षकांना झुंपा हे घरचं नाव सोपं वाटलं आणि तेच कायम झालं. ते त्यांना सलत राहिलं असावं, कारण 2003 साली आलेली त्यांची 'द नेमसेक' ही कादंबरी नेमकी याच गोष्टीवर उभी आहे. पणजीने पत्रातून पाठवलेलं बाळाचं नाव टपालात हरवतं, इस्पितळ नावाशिवाय सोडत नाही, म्हणून बाप दाखल्यावर तात्पुरतं गोगोल लिहितो. तात्पुरतं लिहिलेलं ते नाव मुलगा कॉलेजात जाण्याआधी कोर्टात जाऊन निखिल करून घेतो. अमेरिकेत बाळंतपण होणाऱ्या मराठी घरांनी ही कादंबरी आधी वाचावी. तिथे इस्पितळातच जन्मदाखल्याचा फॉर्म पुढे येतो आणि तोवर पुण्या-नाशिकचे आजी-आजोबा पत्रिकाच बघत असतात. राजघराणीही यातून सुटलेली नाहीत. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांना लहानपणी स्वतःचं नाव म्हणता येईना, त्यातून घरात लिलिबेट ही हाक पडली, ती फक्त जवळच्यांनी मारायची. 2021 साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या त्यांच्या पणतीचं पहिलं नावच लिलिबेट ठेवलं गेलं. जी हाक फक्त एका घराची होती ती आता जगभरच्या वर्तमानपत्रांची झाली.

आपल्याकडेही दोन नावांची रीत काही नवी नाही. गृह्यसूत्रांत मुलाच्या एका गुप्त नावाचा उल्लेख येतो, जे मुंज होईपर्यंत फक्त आई-बापाला माहीत असायचं. पत्रिकेतलं जन्मनाव अजूनही आपण चारचौघांत सांगत नाही. आणि लाडाच्या नावाला लिहिण्यापुरती जागा मराठी माणसाने करून ठेवलीच आहे. सातबाऱ्यावर 'उर्फ' असतं. लग्नपत्रिकेत चि. अनिकेत लिहून कंसात बंटी लिहितात, म्हणजे गावाकडच्यांना कळतं की लग्न कुणाचं. पु. ल. देशपांडे जवळच्यांचे भाई होते आणि गदिमा अण्णा होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र त्यांची स्वतःची नावं होती. ही जागा पुरेशी आहे.

बायकांच्या बाबतीत मला हे जास्तच जाणवतं. आमच्या पिढीपर्यंत लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचे. आडनाव बदलायचं, मधलं नाव बदलायचं, काही घरांत पहिलं नावही बदलायचं. या सगळ्या बदलांत जे कुणी हात लावू शकलं नाही ते माहेरचं लाडाचं नाव. त्याला हात लावता आला नाही कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. मलाही माहेरी एक नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही. ती हाक मारणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यातल्या एकाने फोनवर ते नाव घेतलं की मला आपोआप बसून बोलावंसं वाटतं. हे नाव माझ्या पगारपत्रकावर असतं, दर महिन्याला लेखा विभागातून त्या नावाने कागद आले असते, तर त्या हाकेत आज काय राहिलं असतं?

भावाच्या घरात काय झालं तेही सांगते, कारण माझा मुद्दा तिथेच सिद्ध झाला. चिऊ हे नाव लसीकरणाला पुकारलं जाऊ लागलं, पाळणाघराच्या यादीत लागलं, विम्याच्या कागदावर छापून आलं. हळूहळू घरातल्यांना ते नाव कोरडं वाटायला लागलं. आता तिची आई तिला सोनू म्हणते आणि बाप भैरू म्हणतो. म्हणजे लाडाला शेवटी वेगळं नाव लागलंच. चिऊ हे नाव ज्या दिवशी दाखल्यावर गेलं त्या दिवशी ते लाडाचं राहिलं नाही, आणि पूर्ण नावही झालं नाही. बारशाला मी तिच्या कानात जे नाव सांगितलं ते कुठल्याच कागदावर नाही. ते मी तिला थोडी कळती झाली की सांगणार आहे, आणि तिला ते हवं असेल तर राजपत्राच्या अर्जाला लागणारी सगळी मदत करणार आहे.

ज्यांच्या घरी आत्ता बाळ येणार आहे त्यांना माझी विनंती आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करा आणि नावाचा रकाना रिकामा सोडा; दवाखान्यात कुणी घाई केली तर स्पष्ट सांगा की नाव नंतर कळवू, कायद्यात तशी सोय आहे. मग बारा महिन्यांच्या आत आजी-आजोबा, आत्या, मामा यांना विचारून मुलाला असं एक नाव द्या जे पहिलीच्या हजेरीत, नोकरीच्या अर्जात आणि म्हातारपणी पेन्शनच्या कागदावर त्याला शोभेल. स्पेलिंग ठरवून एका कागदावर लिहून ठेवा. लाडाची नावं हवी तितकी ठेवा, फक्त ती कुठल्याही अर्जावर लिहू नका.